निरोगी गटातली ताई

६ जानेवारी

चि. मुंगळ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्याकडून परतून आठवडा झाला. पोचल्याचा फोन केला होता, पण आपल्या घरात फोन 'पोचले, ठेवते' एवढ्यापुरताच असतो. शिवाय शेजारी हे बसलेले असले की मी सगळ्यालाच 'बरी आहे' म्हणते. म्हणून हे पत्र. पन्नाशीला टेकलेल्या नवऱ्याला मुंगळा म्हणत जाऊ नका, असं तुझी बायको मला निघताना म्हणाली. तिला सांग, साखरेच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातलेला सापडलास त्या दिवशी हे नाव पडलं, आता ते माझ्याही हातात राहिलेलं नाही.

तुझी लॅब बघून बरं वाटलं. इतकी वर्षं माझा भाऊ नक्की काय करतो ते मला धड सांगता येत नव्हतं. आता सांगते, की तो रक्ताच्या नळ्या गरगर फिरवतो आणि नावं पुसून, नंबर चिकटवून भल्यामोठ्या फ्रीजरमध्ये ठेवतो. माझंही रक्त तिथे आहे हे आमच्या दफ्तरखान्यात सगळ्यांना सांगून झालं. सुई टोचलीस तिथला निळा डाग मात्र आज कुठे फिका झाला. सुईवर तुझा हात अजून बसलेला नाही.

इकडची बातमी फारशी बरी नाही. जुन्या नोंदवह्यांची बांधणी करण्यात माझी चोवीस वर्षं गेली, आणि ती सगळी उभ्याने. कटिंग मशीन उभ्याने, दाबाचं यंत्र उभ्याने, सरसाचं भांडं उभ्याने. पानं शिवायचं टेबल तेवढं खुर्चीचं आहे. ते मला द्या, असा अर्ज केला होता. साहेब वाईट नाहीत. आजाराचं नाव लिहिलेला डॉक्टरांचा कागद आणा, लगेच देतो, असं म्हणाले. आता नाव आणू कुठून? तीन डॉक्टर झाले. शेवटच्याने पायांना करंट देऊन नसा तपासल्या आणि त्या विशीतल्या मुलीसारख्या आहेत असा रिपोर्ट दिला. साहेबांनी तो वाचून माझं अभिनंदन केलं.

पाय तसेच आहेत. संध्याकाळ झाली की तळव्यांची आग होते. चादर लागलेली चालत नाही, म्हणून जाड पुठ्ठ्याचा एक बोगदा करून पलंगाच्या पायथ्याशी ठेवला आहे. वर चादर, आत माझे पाय. हे रोज निजताना गाडी किती वाजता आहे असं विचारतात. मीही हसते.

मार्चअखेर राजीनामा द्यावा असं मनात आहे. चोवीस वर्षांनी सोडायचं म्हणजे जिवावर येतं, पण उभं राहणंही आता तसंच झालं आहे. तुला काय वाटतं ते कळव.

घरात सगळ्यांना आशीर्वाद सांग. लोभ आहे तेवढा पुरे, त्यात घट मात्र नको.

तुझी,
ताई


१५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. निळ्या डागाबद्दल कान पकडतो, पण तुझी शीर माणूस ओळखून लपते त्याला मी काय करू?

तू लोकांना माझ्या कामाबद्दल सांगतेस ते बरोबर आहे, फक्त अर्धं आहे. उरलेलं अर्धं असं. अंगात काही नसा जाड असतात आणि काही केसाहून बारीक. ऊन, गार, आग, टोचणं हे सगळं त्या बारीक नसा कळवतात, आणि त्यांची टोकं थेट कातडीत असतात. करंटच्या तपासणीत फक्त जाड नसा सापडतात, बारीक झिजल्या तरी रिपोर्ट चांगलाच येतो. खात्री करायची तर घोट्याच्या वरून मसुराएवढा कातडीचा तुकडा काढायचा आणि नसांची टोकं सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. ते करणारे थोडे, आणि तुकडा द्यायला राजी होणारे त्याहून थोडे. नस झिजते तेव्हा तिचा चुरा रक्तात उतरत असणार, तो तिथे पकडता येईल का, हे आमच्या मॅडम शोधताहेत. चार-पाच पदार्थ एकत्र मोजून एक आकडा काढायचा आणि रोग्यांचा आकडा निरोग्यांपेक्षा वेगळा येतो का ते बघायचं. अजून सगळं चाचपडणं आहे.

त्यासाठी साठ निरोगी माणसं जमवता जमवता माझ्या नाकी नऊ आले. पन्नाशीपुढच्या बायका तर मिळेनात. जिला विचारावं तिचं काहीतरी दुखतच असतं. शेवटची जागा तू भरलीस म्हणून यादी वेळेवर गेली. हे उपकार मी विसरणार नाही.

तुझ्या पायांचं म्हणशील तर रागावू नकोस. आमचे रोगी म्हणजे बहुतेक मधुमेहाचे, नाहीतर मोठ्या आजारातून उठलेले. तुझी साखर उत्तम, बाकीचे रिपोर्ट उत्तम. मग राहिलं काय? चोवीस वर्षांचं उभं राहणं, आणि भाऊजी शाळेतून निवृत्त झाल्यापासून घरातच दिवसभर गणिताचा तास. थोडं मनाचंही असतं, ताई. राजीनामा देऊन टाक, आराम कर, पोहायला जा. लक्ष दुसरीकडे गेलं की आग आपोआप कमी होईल.

भाऊजींना नमस्कार. माझ्यावर राग असला तरी पत्र थांबवू नये, एवढीच मागणी.

तुझा,
मुंगळा


३ फेब्रुवारी

चि. मुंगळ्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याला बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला दोनदा बसले होते. बारीक नसांचं जे लिहिलं आहेस ते तीनदा वाचलं. वाचताना जे मनात आलं ते तुला लिहिणार होते, पण पुढे तू मी निरोगी असल्याबद्दल माझे आभार मानले आहेस. मग थांबले.

परवा सरसाचं भांडं हलवताना एक थेंब पायावर पडला. सरस चांगला कढत होता. मला कळलं नाही. संध्याकाळी यांनी पायाला काय झालं असं विचारलं तेव्हा खाली बघितलं, तर अंगठ्याशेजारी द्राक्षाएवढा फोड. सारखी आग होणाऱ्या पायाला खरी आग कळू नये, याला काय म्हणायचं? हे म्हणाले, लक्ष नसतं तुझं. तूही तेच म्हणशील, म्हणून आधीच लिहून टाकते, लक्ष नसतं माझं.

पोहण्याचा तलाव इथून दोन बस बदलून आहे. बसमध्ये उभं राहावं लागतं.

राजीनाम्याचा मसुदा झाला. यांनी त्यातल्या शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या. एकतीस मार्चला देईन.

बाकी क्षेम. तुमचं तसंच असावं.

ताई


२१ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुला चमत्कारिक वाटेल. राजीनामा देऊ नकोस. निदान माझं पुढचं पत्र येईपर्यंत तरी देऊ नकोस.

आणि मला काही गोष्टी सविस्तर कळव. पायांची आग पहिल्यांदा केव्हा झाली आणि कुठून सुरू झाली? दोन्ही पायांना सारखी होते का? गार-ऊन कळतं का? काय केलं की बरं वाटतं? तुझ्या शब्दांत लिही, कितीही लांबलं तरी चालेल. भाऊजींना विचारून लिहू नकोस. माझ्या मागच्या पत्रातलं मनाचं वगैरे जे आहे ते खोडलं असं समज.

हे का विचारतो ते आज लिहिता येत नाही. लिहिलं तर लॅबचा नियम मोडतो, आणि न लिहिता बसवतही नाही. तुझ्या उत्तराची वाट बघतो आहे.

तुझा,
मुंगळा


२७ फेब्रुवारी

चि. मुंगळ्यास,
अनेक आशीर्वाद.

तीन वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टर 'दुखतं का' विचारतात आणि मान वर करायच्या आत लिहायला लागतात. तुझं पत्र मी दफ्तरखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि राहिलेली पोळी तशीच डब्यात ठेवली.

तर सविस्तर ऐक. तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात डाव्या पायाच्या अंगठ्याला सुरुवात झाली. मोज्यात वाळूचा कण गेल्यासारखं वाटायचं. मोजा उलटा करून झटकायची, तर आत काही नसे. दोन महिन्यांत ती वाळू दोन्ही तळव्यांना पसरली आणि मग तिची आग झाली. आता घोट्यापर्यंत आली आहे, दोन्हीकडे सारखीच. मधूनच सुया टोचतात, त्याही कुठल्या ठरलेल्या जागी नाहीत, एकदा इथे तर एकदा तिथे. अंघोळीचं पाणी हाताला कढत लागतं आणि पायाला कोमट, म्हणून मी हातावर विश्वास ठेवते. पायांना घाम येणं बंद झालं आहे. पूर्वी उन्हाळ्यात चपलेत पाय घसरायचा, आता कोरडा असतो. अनवाणी गार फरशीवर उभी राहिले की पाच मिनिटं स्वर्ग, मग परत सुरू. कुणी बाहेरून बघितलं तर पाय अगदी छान दिसतात. खरं सांगायचं तर मला त्याचाच राग येतो. सूज नाही, डाग नाही, दाखवायला काहीच नाही. लंगडत असते तर बसमध्ये कुणी जागा तरी दिली असती.

लिहिता लिहिता तीन पानं झाली. हे दारातून दोनदा डोकावून गेले.

आता माझा प्रश्न. माझ्या रक्तात काही वाईट सापडलं आहे का? मी घाबरट नाही, तुला माहीत आहे. मरायचं वगैरे असेल तर तसं कळव, म्हणजे कपाट आवरायला घेते. आणि तसं नसेल तर नियमाचा एवढा बाऊ करू नकोस, दोन ओळी लिही.

तुझ्यावर माया आहेच, पण तिने माझा अंत पाहू नये.

ताई


५ मार्च

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार. आज तो नुसता लिहिण्यापुरता नाही.

मरायचं वगैरे काही नाही. कपाट जसं आहे तसं राहू दे. आता सगळं क्रमाने सांगतो.

गेल्या महिन्यात आमचे आकडे उघडले. तोपर्यंत कुठली नळी रोग्याची आणि कुठली निरोग्याची हे आकडे काढणाऱ्यांना माहीत नसतं. बहुतेक रोग्यांचा आकडा आम्ही मधे आखलेल्या रेषेच्या वर आला, आणि साठ निरोग्यांपैकी अठ्ठावन्न खाली राहिले. दोघे वर गेले. त्यातला एक तर थेट रोग्यांच्या गर्दीत जाऊन बसला होता. मॅडमनी तो आकडा पुन्हा काढायला लावला, तरी तोच आला. निरोगी माणसाला ही चाचणी रोगी ठरवत असेल तर तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा, असं त्या म्हणाल्या. निरोगी गटाची वही माझ्याकडे असते. मी नंबर काढून बघितला. ती तू होतीस.

आता माझी चूक. रक्त घेण्याआधी एक फॉर्म भरायचा असतो. अकरा प्रश्न, प्रत्येकापुढे 'आहे' आणि 'नाही'. ते त्या माणसाला एकेक करून विचारायचे आणि तो सांगेल तसं लिहायचं, असा नियम आहे. तुला मी पहिले तीन विचारले. मग तू गाडीतल्या त्या भांडकुदळ बाईची गोष्ट सांगायला लागलीस आणि मी ऐकता ऐकता उरलेल्या आठांवर 'नाही' अशी खूण करून टाकली. त्यातला सातवा प्रश्न 'तळपायांची जळजळ' असा आहे. ताई, तुझे पाय जळतात हे मला तीन वर्षं माहीत होतं. पण माझ्या डोक्यात तुझी जळजळ ही फॉर्मातल्या जळजळीत धरलीच नव्हती. फॉर्ममधली ती आजाराची, आणि तुझी ती ताईची कुरकुर. यादी भरायची घाईही होती. मी चौदा वर्षं याच कामात आहे, हजार फॉर्म भरले, आणि घरच्या माणसाला विचारायचं राहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय?

तुझं पत्र आल्यावर मी ते घेऊन मॅडमकडे गेलो आणि हे सगळं सांगितलं. नोकरी जाईल असं धरूनच गेलो होतो. त्यांनी तुझी तीन पानं दोनदा वाचली. संशोधनात दिलेल्या रक्ताचा निकाल ज्याचा त्याला कळवायचा नसतो, पण इथे फॉर्मच खोटा होता, म्हणून त्यांनी समितीला विचारून तुला लिहायची परवानगी आणली. त्यांचे तीन निरोप आहेत. आमचा आकडा म्हणजे निदान नव्हे, तो चुकूही शकतो. ज्यांना ना मधुमेह ना दुसरा काही आजार, अशाही कितीतरी जणांच्या बारीक नसा झिजतात आणि कारण सापडत नाही. तेव्हा तू नसांच्या डॉक्टरकडून ती कातडीची तपासणी करून घ्यावीस. तुमच्या भागात ती कुठे होते तो पत्ता सोबत पाठवतो.

तुझा नमुना आता मोजणीतून बाद झाला आहे. तो निरोगी नाही आणि नियमाप्रमाणे रोगीही नाही. ज्या रक्ताने माझे डोळे उघडले त्याचाच आकडा कुठे धरला जाणार नाही, आणि मला सगळ्यात जास्त ते लागलं आहे. दुसरा जो वर गेला तो आमच्या लॅबच्या गाडीचा ड्रायव्हर. तो ठणठणीत आहे, मी दोनदा विचारलं. म्हणजे चाचणीही काही देवाचा आवाज नाही.

माझं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. त्याची काळजी करू नकोस. तुझ्यावर मी विश्वास ठेवला नाही याची मला लाज वाटते. लोभ कर असं कुठल्या तोंडाने म्हणू? जमलं तर कर.

मुंगळा


१४ मार्च

चि. मुंगळ्यास,

चार दिवस मी तुझ्यावर रागावले होते. पाचव्या दिवशी कंटाळा आला, कारण रागावून करायचं काय ते सुचेना. फोन उचलला नाही तो मुद्दाम.

कुरकुर हा शब्द लागला. तो खरा आहे म्हणून जास्त लागला.

यांना तुझं पत्र वाचायला दिलं. वाचून चष्मा काढला, घडी घातली, परत घातला. तपासणीला किती वाजता जायचं आहे एवढंच विचारलं. सोमवारी जातो आहोत. मसुराएवढा तुकडा म्हणतोस, आधी मसूर आणून बघितला. तेवढा चालेल.

रिपोर्टला तीन आठवडे लागतात. साहेबांना महिनाभर थांबते असं सांगितलं. राजीनामा दाबाच्या यंत्राखाली दोन नोंदवह्यांच्या मध्ये ठेवला आहे, सपाट तरी होईल.

भीती एकच वाटते. तिथेही सगळं ठीक निघालं तर? मग मी कुणाला काय सांगू? तू तेव्हा तुझ्या आकड्यावर जाशील की माझ्यावर, ते आत्ताच ठरवून ठेव. मला लिहू नकोस, नुसतं ठरव.

ताई


४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस म्हणून ते लिहीत नाही, पण ठरवलं आहे.

माझा निकाल लागला. नोकरी राहिली. सहा महिने नवे नमुने घ्यायला बंदी, आणि निरोगी गटाचे उरलेले एकोणसाठही फॉर्म मी पुन्हा भरायचे. प्रत्येकाला समोर बसवून, अकराही प्रश्न वाचून, त्यांचं उत्तर पूर्ण होईपर्यंत पेन न उचलता. शेजारी मॅडमची एक विद्यार्थिनी बसते, मी प्रश्न गाळतो का ते बघायला. माझ्या मुलीच्या वयाची आहे आणि भारी कडक आहे.

आजवर एकतीस झाले. सुरुवातीला वाटलं, ही शिक्षा म्हणजे पोरखेळ. पण लोक काय काय सांगतात, ताई. एक बाई माझ्यासमोर दर महिन्याला येऊन बिलं देऊन जातात. पायांना मुंग्या येतात का, असं विचारून मी गप्प बसलो. आधी नाही म्हणाल्या. मग जरा वेळाने म्हणाल्या, म्हणजे येतात, पण ते काही सांगण्यासारखं नाही. असे तीन निघाले. तिघांचेही आकडे रेषेच्या खालीच आहेत, त्यांचं कारण वेगळं असेल. पण तिघांच्याही जुन्या फॉर्मवर माझ्या अक्षरात 'नाही' आहे. त्यामुळे सगळं गणित नव्याने मांडावं लागणार, असं मॅडम म्हणतात. चाचणी टिकेल की नाही ते त्यानंतर. त्या माझ्याशी अजून कामापुरतंच बोलतात.

तुझी जखम भरली का? रिपोर्ट आला की आधी मला कळव, फोनवर 'बरी आहे' चालणार नाही.

भाऊजींना नमस्कार. तुझ्या मायेवर हक्क सांगण्याची सवय जात नाही, ती तू मोडू नकोस.

तुझा,
मुंगळा


२२ एप्रिल

चि. मुंगळ्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रिपोर्ट मंगळवारी मिळाला. फोन केला नाही, कारण हे मला नीट सांगायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्या बाजूला वळवला आणि बोट ठेवून दाखवलं. माझ्या वयाच्या बाईच्या घोट्यापाशी नसांची जितकी टोकं असायला हवीत त्याच्या निम्मीसुद्धा नाहीत. खाली आजाराचं नाव लिहिलं आहे, तीन शब्दांचं. मला रडू आलं. त्यांना वाटलं धक्का बसला, म्हणून पाणी मागवलं. मला आनंद झाला आहे असं सांगितलं तेव्हा त्या घोटाळ्यात पडल्या. गोळ्यांनी आग कमी होईल, नसा परत येतील की नाही ते सांगता येत नाही, कारण अजून शोधायचं आहे. हे सगळं मी ऐकलं, पण खरं सांगते, त्या दिवशी मला त्यातलं काही जड गेलं नाही.

हे माफी मागणाऱ्यांतले नाहीत. साहेबांसाठीचा अर्ज मात्र घरी येऊन त्यांनी स्वतः लिहून दिला. त्यात 'गेली तीन वर्षे चार महिने' असं लिहिलं आहे. मी त्यांना तो हिशोब कधी सांगितला नव्हता. साहेबांनी शब्द पाळला. कालपासून मी शिलाईच्या टेबलाशी बसते. राजीनामा फाडला नाही, मागची बाजू कोरी आहे, कामाला येईल.

आता एक गोष्ट जी तुला लिहावी की नाही याचा मी महिनाभर विचार केला. तू त्या आठ प्रश्नांवर 'नाही' खूण केलीस ते मला दिसलं होतं. कागद तुझ्या बाजूला होता, पण चोवीस वर्षं बांधणीत काढलेल्या माणसाला उलटं पान वाचायला त्रास होत नाही. सातव्या प्रश्नावर तुझं पेन आलं तेव्हा मी त्या भांडकुदळ बाईची गोष्ट सांगत होते. मी थांबले नाही. तू खूण केलीस, आणि मी खाली सही केली.

मी का बोलले नाही, हे मलाच नीट कळायला वेळ लागला. तोवर तीन डॉक्टर झाले होते, हे झाले होते, साहेब झाले होते. माझा माझ्यावरचा विश्वास संपला होता. तू यातला माणूस. तू 'नाही' म्हणतोस तर नसेलच असं वाटलं. आणि निरोगी बायकांच्या यादीत आपलं नाव जातं आहे याचं बरंसुद्धा वाटलं, हे कबूल करते. तेव्हा सगळी शिक्षा तू एकट्याने भोगतो आहेस ते बरोबर नाही. हे पत्र तुझ्या मॅडमना दाखव. माझी सही आहे खाली, अर्धी चूक माझ्या नावावर लिहायला सांग.

आणखी एक. तुमच्या चाचणीसाठी इथल्या दवाखान्यातही रोग्यांचं रक्त घेतात, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तुझ्याशी त्यांचा संबंध नाही, मी विचारून घेतलं. जुना आकडा बाद झाला तर होऊ दे, नवा देऊ, असं ठरवून मी गुरुवारी एकटीच गेले. लहानशी खोली होती, एक टेबल, दोन खुर्च्या, आणि विशी-बाविशीची एक मुलगी. तिने तोच फॉर्म काढला. या खेपेला कागद आणि पेन माझ्याकडे दिलं, ती प्रश्न वाचत होती. सातवा आला तेव्हा माझा हात जरा थांबला. ती घाई न करता बसून राहिली. मी 'आहे' वर खूण केली. तिने ती वाचली आणि केव्हापासून असं विचारलं.

तुझ्या बायकोला आणि लेकीला आशीर्वाद. लोभ होता, आहे, आणि तुझी हरकत नसेल तर राहील.

तुझी,
ताई